तोंडात सुपारी

आमच्या प्रशिक्षणात खडूपेक्षा सुपारी जास्त लागायची. खोटं नाही सांगत. वर्धेच्या बाजारातून मी स्वतः अख्ख्या सुपाऱ्या आणायची, अडकित्त्याने त्यांची खांडं करायची आणि सकाळी हजेरी झाली की प्रत्येकीच्या हातावर एक खांड ठेवायची. चावायचं नाही, चघळायचं नाही, गालात धरून बसायचं. गावातली माणसं बोलत असताना आपण मध्ये तोंड घालायचं नाही, हे नुसतं सांगून कुणाला जमत नाही. आमच्याकडच्या बायांना तर मुळीच नाही. मलाही नाही, मी तर पहिल्यापासूनच तोंडाळ. म्हणून ही युक्ती मी काढली आणि तिचा मला भारी अभिमान होता. जळो तो अभिमान.

नव्वदच्या दशकात एड्सचं काम म्हणजे भिंतीवर कवटी रंगवायची आणि लोकांना भ्या दाखवायचं. मीही तेच केलं. आंजीच्या बाजाराच्या दिवशी भोंगा हातात घेऊन घसा बसेपर्यंत ओरडले आहे. लोक ऐकून घ्यायचे, भाजी घेऊन घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी ज्या घरात कुणी खंगत चाललं असेल त्या घराचं विहिरीवरचं पाणी बंद व्हायचं. ते आमच्या भोंग्याने बंद केलेलं असायचं. हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

दोन हजार सालानंतर पद्धत बदलली. आता गावानेच आपलं दुखणं ओळखायचं, गावानेच उपाय ठरवायचा. बाहेरून येणाऱ्याने फक्त प्रश्न विचारायचा आणि ऐकायचं. असा प्रश्न विचारणाऱ्या बाया तयार करणं हे माझं काम. कागदोपत्री त्यांना ‘सुलभक’ म्हणायचे. हा शब्द कुणी शोधून काढला त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. बायांच्या जिभेवर तो चढेचना. शेवटी त्यांनी त्याचं ‘सुबक’ करून टाकलं आणि एकमेकींना चिडवायला लागल्या, “ये वो सुबक बाई, बस इथं.”

त्या तुकडीत एक होती, वीस-बावीस वर्षांची. बारावी झालेली, हिंगणीच्या वाटेवरच्या एका गावातल्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरची सून. त्यांची वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, वर्धेच्या बाजारात यायची. नवरा आधी टेम्पोवर नागपूरपर्यंत माल पोचवायचा. आता टीबी झाल्यामुळे सहा महिन्यांपासून अंथरुणावर होता. हे तिने पहिल्याच दिवशी ओळख करून देताना सांगितलं होतं. कपाळावर मोठं कुंकू, पाचवा महिना लागलेला, आणि हसली की सगळ्या खोलीला हसायला लावणारी. अशा दिवसांत सासूने हिला आठवडाभर घराबाहेर कशी पाठवली याचं मला नवल वाटलं होतं. मी विचारलंही. ती म्हणाली, “मलेच नाई समजलं, मॅडम. आत्याबाईच म्हणे, जाय, शिकून ये.”

तिसऱ्या दिवशी मी आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीबद्दल शिकवलं. वेळेवर तपासणी झाली, बाळंतपणाच्या वेळी आईला गोळी आणि जन्मल्यावर बाळाला औषध दिलं, तर बाळ वाचायची आशा बरीच वाढते, असं फळ्यावर चित्र काढून सांगितलं. सगळ्या जेवायला उठल्या, ही मागे राहिली.

“मॅडम, बाईले मालूमच नसन तं?”

“का नसेल? नवऱ्याला असेल तर बायकोला कळतंच की,” मी फळा पुसता पुसता म्हणाले.

टीबीने सहा महिने झोपलेला नवरा, टेम्पोवरचा, बाहेर राहणारा. गरोदर बायको. आणि तिचा हा प्रश्न. जिल्हाभर लोकांना लक्षणं शिकवत फिरणाऱ्या मला दोन अधिक दोन करता आले नाहीत. माझ्या डोक्यात काय कांदे-बटाटे भरले होते, देव जाणे. मी डबा उघडून जेवायला बसले.

आमच्या शिकवण्यात गावाच्या नकाशाला फार महत्त्व. जमिनीवर रांगोळीने गाव काढायचं: रस्ते, विहीर, देऊळ, शाळा, घरं. मग बायांना मूठभर चिंचोके द्यायचे आणि विचारायचं, “आजारपणात कोणत्या घराला आपल्या आधाराची गरज आहे? तिथे चिंचोका ठेवा.” आजाराचं नाव घ्यायचं नाही, माणसाचं तर नाहीच. आणि दोन पक्के नियम. एक, गाव बोलत असताना सुपारी तोंडातून काढायची नाही. दोन, स्वतःच्या गावात सराव करायचा नाही.

सहाव्या दिवशी सराव होता वडनेरकडच्या एका गावात. जीप दारात उभी आणि निरोप आला की त्या गावात मयत झाली आहे, आज येऊ नका. मी चिडले. मयतीवर कुणी चिडतं का? पण मी चिडले. आठ बाया निळ्या साड्या नेसून तयार. सगळ्यांना एकसारख्या साड्या आम्हीच दिल्या होत्या. तेवढ्यात तीच म्हणाली, “आमच्या गावी चला ना, मॅडम. बाया पटकन जमतीन.”

दुसरा नियम मीच केला होता आणि मीच मोडला. म्हटलं, एक दिवसाने काय होतंय. घाईघाईत निघालो आणि चिंचोक्यांची पिशवी टेबलावरच राहिली.

मारुतीच्या देवळासमोरच्या फरशीवर नकाशा सुंदर उतरला. बायांनी नाल्याला निळी रांगोळी घातली, रस्त्याला पिवळी, मळ्यांना हिरवी आणि खुणा करायची वेळ आली तेव्हा रंगही संपले, चिंचोकेही नाहीत. एका म्हातारीने देवळातलं कुंकवाचं ताट आणलं. “घ्या, यानं करा खुना. देवाचं हाय, शुभ हाय.” सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मी वर कौतुकाने मान डोलावली.

ताट फिरायला लागलं. आंधळ्या बुवाच्या घरावर एक चिमूट पडली. पोरगा विहिरीत पडून गेला त्या घरावर एक. आमच्या आठही जणी गालात सुपारी धरून ओळीने उभ्या. प्रश्न त्यांच्यातल्या एकीने विचारला होता आणि तो झकास विचारला होता. काम असं चालावं, असं मला वाटत होतं. मी खरंच खूष होते.

मग ताट त्या म्हातारीकडे परत आलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला दिसल्या त्या आठ निळ्या साड्या, म्हणजे वर्धेहून आलेल्या आठ बाया. ती खाली वाकली, बोटाने घरं चाचपली आणि मळ्याच्या कडेच्या घरावर चिमूट सोडली.

“अन् इथं वो. याले तं सगळ्यात आधी पायजे आधार. पोरगा मोठ्या बिमारीनं चालला, डाक्टरनं कवाच सांगतलं हाय. सून पोटुशी हाय. तिले बिचारीले काईच मालूम नाई.”

ती सून तिच्यापासून दोन हातांवर उभी होती.

कुणीतरी म्हातारीचा पदर ओढला. “काकी, अवो काकी…” म्हातारी वैतागली, “काऊन? खोटं हाय काय?” मी त्या सुनेकडे पाहिलं. ती नकाशाकडे बघत होती, आपल्या घराकडे. तोंड मिटलेलं, एका गालाला सुपारीचा छोटासा उंचवटा. मी शिकवलं होतं ना, गाव बोलत असताना बोलायचं नाही. माझी ही गुणी विद्यार्थिनी बोलत नव्हती.

आणि मग मी जे केलं त्याची आठवण आली की अजूनही मला घाम फुटतो. मला फक्त ती खूण तिथून नाहीशी करायची होती. मी पुढे झाले, खाली वाकले आणि त्या घरावरचं कुंकू तळहाताने पुसून टाकलं.

“अवो बाई! कुंकू पुसलं!”

एकदम दहा-बारा जणी ओरडल्या. तिचा नवरा जिवंत होता, पलीकडच्या त्याच घरात खाटेवर खोकत होता, आणि मी भर गावासमोर, देवळासमोर, त्याच्या बायकोच्या घरावरचं कुंकू पुसलं होतं. मागच्या बाजूने तिची सासू गर्दी फोडत आली. “माह्या लेकराच्या जिवावर उठली काय तू?” असं ओरडत माझ्या अंगावर धावली. दोघींनी तिला धरलं. माझा तळहात लालभडक. तो कुठे लपवावा ते कळेना, तर मी तो साडीलाच पुसला.

सुनेने मात्र तोंडातलं सुपारीचं खांड काढलं. फेकलं नाही. पदराच्या टोकाला बांधलं. मग वाकून ताटातली चिमूट घेतली आणि त्याच घरावर, त्याच जागी, परत ठेवली. सरळ उभी राहिली आणि विचारलं. आवाज अगदी मी शिकवलेला, सौम्य, घाई नसलेला.

“कोणाकोणाले मालूम होतं? हात वर करा.”

पहिला हात अंगणवाडीच्या बाईचा. हिचं नाव गरोदर बायांच्या यादीत तिनेच तर घातलं होतं. मग शेजारणीचा. मग चुलत जावेचा, जी मान खाली घालून हात तेवढा वर करून उभी होती. मग एकेक, एकेक. मी हात मोजले नाहीत. खाली राहिलेले मोजणं सोपं होतं. सासूने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

आणि मग आमच्या निळ्या ओळीतला एक हात वर गेला. शेजारच्या गावातून आलेली, तोंडात सुपारी धरलेली, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हात वर. सहा दिवस ती हिच्या शेजारी झोपली होती, हिच्या ताटातलं जेवली होती. त्या हाताने मला सगळ्यात मोठा धक्का दिला. बाकीचं गाव म्हणजे शेवटी गाव. पण ही तर माझी तयार केलेली होती. मी म्हणते, तोंड उघडायला सुपारीची अडचण होती का तुला? पण मग वाटतं, रागावू कुणावर? गप्प बसायला तर मीच शिकवलं.

“बरं,” सून म्हणाली. “घ्या खाली.”

मग माझ्याकडे वळली. “मॅडम, आपल्या वर्धेच्या दवाखान्यात ते टेस होते ना? उद्या सकाळी जाऊ आपन.”

गेलो. मी तिचा हात धरला होता की तिने माझा, सांगता येत नाही. निकाल आला तेव्हा समुपदेशकाने खूप हळू, खूप नीट सांगितलं. आजार तिलाही होता. मी तयारी करून बसले होते की ती आता कोसळेल. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, “याचं सांगा. याच्यासाठी अजून टाइम हाय ना?” टाइम होता. चार महिने होते. तिथून पुढे तिच्या आयुष्यात एकच प्रश्न उरला, ते पोर सुटेल की नाही. माझ्याही आयुष्यात, खरं सांगायचं तर, तोच.

ती परत सासरी गेली. मला ते सहन होईना. मी तणतणले, “ज्यांनी तुला सांगितलं नाही त्यांच्याकडे परत कशाला मरायला जातेस?” ती चपलेचा अंगठा नीट करत म्हणाली, “त्यायले पानी कोन पाजन? आठ दिवस भांडली मी त्यायच्यासंग मनातल्या मनात. आता तोंडावर भांडीन.” आणि भांडली म्हणे. पुढे कधीतरी मला सांगितलं, की भांडून झालं आणि नवरा-बायको दोघं रडले, आणि त्या रडण्यानंतर तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

तिचा सातवा महिना सरत असताना तो गेला. मी गेले होते. घरात बायकांची गर्दी, सासू भिंतीला टेकलेली, शून्यात बघत. रीत म्हणून दोन बायका हिच्याजवळ सरकल्या, एकीने ओला फडका हातात घेतला. तिने तो हात मनगटाशी धरला.

“राहू द्या वो. ते मॅडमनं मागंच पुसलं. एका बाईचं दोनदा कायले पुसता?”

बायका थबकल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण ती माझ्याकडे रागाने बघत नव्हती. ती माझा आधार घेत होती. माझी सगळ्यात मोठी चूक तिने उचलली आणि दारासारखी मध्ये लावून घेतली. फडकावाली बाई मागे सरली. त्या दिवशीपासून आजतागायत या पोरीच्या कपाळावर टिकली आहे.

बाळंतपण वर्धेलाच झालं. गोळी वेळेवर मिळाली, बाळाला औषध वेळेवर मिळालं. मुलगी. आता पक्कं कळायला दीड वर्ष थांबायचं होतं. दीड वर्ष म्हणजे काय, ते तिला विचारा. पोरीला सर्दी झाली तरी माझ्याकडे फोन. दात येताना ताप आला तर पहाटेच्या एसटीने वर्धेला हजर. सासू सोबत असायची, पोर तिच्या काखेत. दोघी सासवा-सुना शेजारी बसायच्या आणि एकमेकींशी शब्द बोलायच्या नाहीत. सासूच्या मनात सुनेबद्दल काय आहे, ते मला त्या दीड वर्षात कळलं नाही. मी मात्र तिच्याशी फटकून होते. माझ्या मते सगळ्यात मोठी गुन्हेगार तीच.

दीड वर्षाने निकालाचा दिवस आला. सासूला त्या दिवशी ताप होता, पोरीचं रक्त आधीच घेतलेलं, म्हणून आम्ही दोघीच गेलो. कागद हातात घेऊन ती बाकावर बसली. मग म्हणाली, “चला मॅडम. गावात सांगू.”

त्याच देवळासमोर तिने बायांना हाक मारली. नकाशा नाही, कुंकू नाही. आम्हाला पाहून बाया धावतच आल्या; बसस्टँडवर भेटलेल्या दोघींना तिने आधीच सांगितलं होतं आणि गावाला तेवढं पुरतं. मागून सासू आली, अंगावर घोंगडी, काखेत नात.

तिने विचारलं, “कोणाकोणाले नाई मालूम अजून? हात वर करा.”

एकच हात वर गेला. घोंगडीतून निघालेला.

मी हादरले. हे तिने मुद्दाम केलं होतं. अख्ख्या गावाला आधी, सासूला शेवटी. सूड म्हणावा तर सूड होता. आणि मला, देवा रे, आतून बरं वाटलं. म्हटलं, बस, आता कळू दे तुला.

“साफ हाय,” ती म्हणाली. “पोरगी साफ हाय, आत्याबाई.”

सासू जागच्या जागी खाली बसली. नातीला छातीशी आवळून धरलं. तेव्हाही मला गप्प बसवलं नाही. मी म्हणालेच, “तेव्हा हिला सांगता आलं नाही का हो तुम्हाला? अख्ख्या गावाला माहीत, आणि घरच्या सुनेला नाही?”

सासूने माझ्याकडे पाहिलं. “माह्या तोंडून निंगत नोयतं, बाई. पोटच्या पोराचं कसं सांगू? म्हनून तं हिले तुमच्याकडं धाडलं. म्हटलं, शिकन तं आपोआप समजन.”

तिसरा दिवस आठवला. मागे थांबलेली ती आठवली, फळा पुसणारी मी आठवले, ‘कळतंच की’ म्हणणारी. सासूने तिला नेमकी माझ्यापाशी पाठवली होती आणि मी डबा उघडून जेवायला बसले होते.

सुनेलाही हे आत्ताच कळत होतं. ती सासूकडे एकटक बघत होती. सासूने नातीच्या तोंडावरची माशी हाकलली आणि मान वर केली.

“आन तू वो? तुह्यं कसं हाय?”

दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मी गोळीचं विचारलं, दुधाचं विचारलं, पोरीच्या वजनाचं विचारलं. हे नाही विचारलं. मग सून सासूच्या शेजारी फरशीवर बसली, तिच्या घोंगडीत तोंड खुपसलं आणि मोठ्याने रडली, नकाशाच्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं ते सगळं.

माझ्या ओठांवर समजुतीचे दहा शब्द आले होते. मी एकही बोलले नाही. तोंडात सुपारी नव्हती.